पुरे म्हणण्याचा अभ्यास



रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण घटकाभर थांबतो, एकमेकांची विचारपूस करतो. त्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास कानांवर पडतात. पहिले मोठ्याने म्हटले जाते : "काय करणार, वेळच मिळत नाही." नोकरदार हे म्हणतो, दुकानदार म्हणतो, दहावीतला मुलगा म्हणतो आणि गंमत म्हणजे मागच्याच वर्षी निवृत्त झालेले काकाही म्हणतात. दुसरे वाक्य मात्र हळू आवाजात येते : "हप्ता आहे ना." बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्ये एकाच घरातली असतात. पैसा आणि वेळ यांची गाठ एकाच दोरीला आहे. ती कशी सोडवावी, याचा थोडा अभ्यास या रविवारी करू या.

हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत "मिनिमलिझम" हा शब्द वारंवार येतो. सोबत पांढऱ्या भिंती, एक खुर्ची आणि एक कुंडी असलेल्या खोलीचे छायाचित्र असते. ती खुर्ची बहुधा आपल्या घरातल्या सगळ्या फर्निचरपेक्षा महाग असते! घरातले जुने सामान काढून टाकायचे आणि "साधे" म्हणून नवे विकत आणायचे, हा साधेपणा नव्हे, ती एक वेगळी खरेदीच आहे. असल्या चित्रांकडे पाहत बसण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या खानदेशाच्या मातीत याहून चांगले शिक्षक होऊन गेले आहेत.

त्यांच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याच धर्मग्रामात काही कुटुंबे अशी आहेत की ज्यांना कमी वस्तूंत राहण्याचा उपदेश करणे पाप ठरेल. सातपुड्याच्या पायथ्याकडून ऊसतोडीला जाणारे, पावसाळ्यात छत गळते म्हणून रात्रभर भांडी सरकवत बसणारे हे आपलेच बंधू आहेत. त्यांच्यावर गरिबी लादली गेली आहे, तिला साधेपणाचे गोड नाव देऊ नये. प्रभू येशूने दीनांना धन्य म्हटले, पण भुकेल्यांना उपाशी परत पाठवले नाही. हा पाठ त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या कपाटाचे दार उघडले की कपडे अंगावर पडतात, आणि तरीही सणाला "घालायला काही नाही" असे वाटते.

धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीतले अनेक सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. आचार्य विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी होते. सहबंद्यांच्या आग्रहावरून विनोबांनी गीतेवर प्रवचने देण्याचे ठरवले. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार होता. त्या दिवशी पहिले प्रवचन झाले. मग दर रविवारी एक, याप्रमाणे १९ जून १९३२ रोजी अठरावे झाले. अठरा अध्याय आणि अठरा रविवार.

ग्रंथ आपला नसला तरी तो इथल्या कोट्यवधी शेजाऱ्यांचा आहे, आणि आपण त्याचा आदर करतो. आज आपण मात्र त्यातल्या तत्त्वज्ञानाकडे नव्हे, तर त्या कामाच्या गतीकडे पाहणार आहोत. तुरुंगात माणसाजवळ वेळच वेळ असतो. विनोबांनी मनात आणले असते तर सगळे अध्याय आठवडाभरात उरकता आले असते, ऐकणारेही कुठे जाणार नव्हते. तरीही एक प्रवचन झाल्यावर सात दिवस मध्ये जात. त्या सात दिवसांत तुरुंगातली रोजची कामे होत, आणि ऐकलेले मनात मुरत असे. पुढच्या रविवारी माणूस थोडा वेगळा होऊन ऐकायला बसे.

साने गुरुजी बसल्या जागी ते सारे लिहून घेत. ना ध्वनिमुद्रण यंत्र होते, ना टंकलेखक. कान, हात आणि पूर्ण लक्ष एवढीच सामग्री. आज "गीता प्रवचने" हे पुस्तक भारतातल्या अनेक भाषांत वाचले जाते, ते त्या लक्षपूर्वक ऐकण्यामुळे. गुरुजी त्या वेळी दुसरे काही करत नव्हते, म्हणून ते शब्द वाचले.

आता आपल्याकडे पाहू. पवित्र शास्त्रातील वाचने ख्रिस्तसभेनेही अशीच संथपणे वाटून दिली आहेत. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे, आठवड्यातल्या इतर दिवसांचे दोन वर्षांचे. रविवारचे शुभवर्तमान आठवडाभर मनात राहावे, हा त्यातला एक हेतू. पण चर्चच्या फाटकाबाहेर पडता पडता खिशातला फोन वाजतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत आजचे शुभवर्तमान कोणते होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा पहिली सवय इथूनच धरू. रविवारच्या शुभवर्तमानातली एकच ओळ निवडायची, घरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत तीच रोज वाचायची. नवी ओळ घ्यायची नाही. रोज नवे संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्या बोटांना हे सुरुवातीला जड जाईल.

साने गुरुजींच्या साधेपणाविषयी आणखी थोडे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे कामही पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट घडी घालून ठेवणे, आजारी मुलाजवळ रात्री बसणे ही कामे ते स्वतः करत. ओरडा नाही, शिक्षा नाही. मुले शाळेतून परत येत तो खोली स्वच्छ झालेली असे. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागे आणि ती स्वतःची खोली झाडू लागत. मुलांसाठी ते हाताने लिहून एक "छात्रालय दैनिक" काढत. ज्या माणसाजवळ अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसे काही नव्हते, त्याच्याजवळ दुसऱ्यांसाठी मात्र मुबलक वेळ होता.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. सावकाश जगणे म्हणजे रेंगाळणे नव्हे. "श्यामची आई" हे पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. मनात वर्षानुवर्षे मुरलेले होते, म्हणून हात झरझर चालला. धांदल करणाऱ्याची मात्र हातघाई असते आणि दिवस संपला तरी काम तिथेच असते.

जात्याचा वेग

जळगावजवळच्या असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना ओव्या सुचत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्या टिपून ठेवल्या, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. २०१८ पासून आपल्या जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

जात्याला स्वतःचा एक वेग असतो. घाईने फिरवले तर पीठ भरड पडते आणि हात भरून येतात. त्या ठरावीक लयीत हात गुंतलेले असले तरी मन मोकळे असते. बहिणाबाईंना त्या मोकळ्या मनाने सुगरणीचा खोपा दिसला, नांगरलेली जमीन दिसली, माणसाचे मन दिसले. कोणी म्हणेल, मग आम्हीही पुन्हा जाते आणायचे काय? नाही. आपल्या आया-आज्यांची कंबर त्या जात्याने मोडली आहे, गिरणी आली हे देवाचे उपकारच आहेत. पण गिरणीने, मिक्सरने, वॉशिंग मशीनने जो वेळ वाचवला तो गेला कुठे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. वाचलेला वेळ जर परत एका चौकोनी पडद्यातच ओतला जात असेल, तर आजीचे कष्ट कमी झाले खरे, पण मोकळीक कोणाच्याच वाट्याला आली नाही.

भांडी घासणे, कपडे वाळत घालणे, भाजी निवडणे अशी एखादी तरी गोष्ट रोज कानात काही न घालता, टीव्ही बंद ठेवून करून पाहा. सुरुवातीचे चार दिवस मन सैरभैर होते. पाचव्या-सहाव्या दिवशी एखाद्याची आठवण येते, ज्याला आपण कित्येक महिने भेटलो नाही. ती आठवण म्हणजेच प्रार्थनेची सुरुवात समजा.

पांझरेकाठचा फड

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला तिच्याकडे येतो. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम नदीकाठी शेकडो वर्षांपासून पाणी वाटण्याची एक पद्धत चालत आली, तिला फड पद्धत म्हणतात. साक्री आणि धुळे तालुक्यांतल्या आपल्या बांधवांना ती आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक असेल.

नदीवर दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट उताराने शेतांकडे जातो, त्याला ना इंजिन लागते, ना वीज. बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणाऱ्या साऱ्या जमिनीला थळ म्हणतात. त्या थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, ते फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात धान्य, हे शेतकरी एकत्र बसून ठरवत आणि पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरवत. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे उसाचा फायदा एकट्याच्या पदरात पडत नसे आणि तोटाही एकट्याच्या माथी येत नसे. पाणी देण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करी. मालकाने रात्री उठून स्वतःच्या शेताकडे पाणी वळवायचे नाही, मग तो कितीही मोठा असो.

यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे : नदीत पाणी किती आहे हे आधी पाहायचे आणि किती पेरायचे ते मग ठरवायचे. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून कोरडा ठेवायचा. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. आधी काय काय हवे त्याची यादी होते आणि मग तेवढे पाणी कुठून आणायचे याची धावाधाव. पाटात पाणी नसताना पेरलेले शेत म्हणजे कर्जावर उभा केलेला संसार.

पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला आपापले पाणी हवेसे झाले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीस आले. नव्या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एकत्र बसून "यंदा एवढेच" असे म्हणण्याची सवयही त्यांच्याबरोबर गेली, हे खरे नुकसान.

निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची हकीकत आहे, ती या फडाशेजारी ठेवून वाचा. रानात भुकेलेल्या लोकांना देव रोज सकाळी अन्न देतो. अट एकच : आजच्यापुरते गोळा करा. ज्यांनी उद्यासाठी साठवले त्यांच्या मान्नाला किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. म्हणजे साठवण करायची ती विसावा मिळावा म्हणून. आपण मात्र विसावा मोडून साठवण करतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या (१२ : १६-२१) त्या श्रीमंत शेतकऱ्यानेही तेच केले. कोठारे मोठी बांधण्याचा बेत पुरा झाला आणि त्याच रात्री बोलावणे आले. भाव पडलेला म्हणून कापूस घरात भरून, त्याच घरात खोकत झोपणारा आपला शेतकरी या दाखल्यात बसत नाही, त्याची ती नाइलाजाची साठवण आहे. दाखला आहे तो "आणखी थोडे झाले की मग निवांत होऊ" असे म्हणणाऱ्यांसाठी.

वेग आणि विसावा

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी "लाउदातो सी" हे परिपत्रक दिले. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले, पण हे परिपत्रक अजून आपल्या घरांत पुरते पोचलेले नाही. पर्यावरणावरचे म्हणून पुष्कळांनी ते बाजूला ठेवले. त्यात पोप महोदयांनी जगण्याच्या वाढत्या वेगाविषयी सुरुवातीलाच काळजी व्यक्त केली आहे आणि शेवटच्या अध्यायात थोडक्यात आनंद मानण्याविषयी लिहिले आहे. वस्तू कमी असल्या की जीवन उणे होते असे नाही, उलट जे आहे त्याचा आस्वाद घेता येतो, असा त्यांचा मुद्दा आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून देवाचे आभार मानण्याची जुनी सवय पुन्हा धरा, असे ते आवर्जून सांगतात. एवढ्या मोठ्या परिपत्रकात इतकी लहान गोष्ट! पण बरोबर आहे. ताटापुढे हात जोडून दहा सेकंद थांबणारा माणूस त्या दहा सेकंदांत तरी आणखी काही मागत नाही.

या बाबतीत आपल्या खानदेशी स्वयंपाकात बरेच शहाणपण आहे. हिवाळ्यात भरताची वांगी येतात. शेतात काड्या पेटवायच्या, वांगी त्यावर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची, मिरची-लसणाची फोडणी द्यायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. हा स्वयंपाक उरकता येत नाही. दोन तास सगळे विस्तवाभोवती असतात, आणि खरे सांगायचे तर लोक येतात ते त्या दोन तासांसाठी. उन्हाळ्यातले बिबडे, पापड, कुरडया यांचेही तसेच, चार घरच्या बाया एका गच्चीवर. तेच भरीत डब्यात घालून घरपोच मागवले तर चव कदाचित तीच राहील, विस्तव मात्र राहणार नाही.

आपला उन्हाळाही हेच सांगतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जुनी माणसे पहाटे शेतात जात, दुपारी घर अंधारे करून पडत आणि दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर निघत. आपण कूलर-एसीच्या भरवशावर दुपारही कामाला जुंपली. ज्यांची नोकरीच तशी आहे त्यांचा इलाज नाही. पण सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बाजारात खरेदीला जाणाऱ्यांना कोणती सक्ती असते?

रविवारविषयी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ रोजी "डीएस दॉमिनी" या नावाचे पत्र लिहिले होते. रविवार हा नुसता सुट्टीचा दिवस होऊ नये, तो प्रभूचा दिवस राहावा, हा त्याचा गाभा. भुसावळला रेल्वेत ड्युटी करणारे, रुग्णालयातल्या परिचारिका, हॉटेलात राबणारे यांना रविवारी काम करावेच लागते, आणि ख्रिस्तसभा त्यांना दोष देत नाही. त्यांनी दुसरा एखादा अर्धा दिवस राखून ठेवावा. बाकीच्यांनी रविवारी निदान खरेदी टाळावी. आपण दुकानात गेलो नाही तर तिथल्या पोरालाही कधीतरी सुट्टी मिळण्याचा संभव आहे. रविवारची संध्याकाळ भेटींसाठी ठेवावी : आजारी, एकटे राहणारे वृद्ध, नुकतेच कोणी गेलेले घर. फोनवर चौकशी झाली म्हणजे भेट झाली असे नव्हे. वृद्ध माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि ते उत्तर ऐकायला समोर बसावे लागते.

हप्त्याचे गणित

आता त्या हळू आवाजातल्या वाक्याकडे. समजा, घरात महिना १८ हजार रुपये पगार येतो आणि २६ दिवस काम असते. म्हणजे दिवसाची कमाई सुमारे ६९० रुपये. २४ हजारांचा फोन बारा हप्त्यांत घेतला तर महिन्याला दोन हजार गेले, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. वर्षाचे ३५ दिवस आपण त्या फोनसाठी कामाला जातो. मग घरी आल्यावर तोच फोन आपली संध्याकाळही घेतो. कोणतीही वस्तू घेताना किंमत रुपयांत न विचारता दिवसांत विचारावी. "हा सोफा चाळीस दिवसांचा आहे" असे म्हटले की मन आपोआप थोडे थांबते.

"शून्य टक्के व्याज" या पाटीलाही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितले होते की असे बिनव्याजी कर्ज मुळात नसतेच, व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा दुसऱ्या एखाद्या नावाखाली वसूल होत असते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती आपण सोडून देतो, हाही एक प्रकारचा व्याजाचा भरणाच.

यावर एक साधा उपाय अनेक घरांत चालतो. जी वस्तू हवीशी वाटते तिचे नाव वहीत तारखेसह लिहायचे आणि तीस दिवस काहीच करायचे नाही. महिन्यानंतरही ती तितकीच हवी असेल तर पैसे साठवून घ्यायची. बहुतेक नावांवर महिन्याअखेरीस आपणच काट मारतो. मुलांना ही वही फार आवडते, आणि काट मारण्यात ती मोठ्यांपेक्षा पुढे असतात.

आपल्या साधेपणाचा शेजाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. फार मोठा संबंध आहे. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. तोवर मोठ्या शहरांत भव्य मंडप पडत. फैजपूरला गांधीजींच्या इच्छेनुसार बांबूसारख्या स्थानिक सामानातून सारे उभारले गेले आणि त्याची कलात्मक रचना शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गर्दी लोटली, पण कोणत्याही खेडुताला त्या मंडपात परके वाटले नाही. दाराशी संगमरवर असता तर पायातली धूळ पाहून तो बाहेरच थांबला असता.

आपल्या समारंभांच्या दाराशी काय आहे? लग्नांचे सोडा, त्यावर जळगावच्या सराफ बाजारापासून सुरुवात करून वेगळा लेख लिहावा लागेल. लहान मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाकडे पाहा. एकीकडे परीसारखा झालरींचा झगा, फ्लेक्स, चार थरांचा केक, रात्रीचे जेवण. दुसरीकडे तितकीच तयारी झालेले, सगळ्या प्रार्थना पाठ असलेले एक मूल, ज्याचे आईवडील म्हणतात, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी पैसे आलेले असतातच असे नाही. त्या मुलाला प्रभूच्या मेजापासून कोणी अडवले? धर्मगुरूंनी नाही. ज्यांनी झगा घेतला त्यांच्या मनातही तसे नव्हते. पण वाट अडली, हे खरे.

म्हणून एक सूचना मांडतो. या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या सर्व मुलामुलींसाठी एकसारखे, साध्या सुती कापडाचे पांढरे झगे धर्मग्रामातर्फे शिवून घ्यावेत. ते सॅक्रिस्टीच्या कपाटात राहतील आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना वापरता येतील. मिस्सानंतर आवारातच सर्वांसाठी एकत्र चहा आणि खाऊ व्हावा, प्रत्येक घराने जमेल ते घरी करून आणावे. घरी निराळे जेवण करणाऱ्यांना कोणी मना करणार नाही, फक्त त्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मुले एकत्र असावीत.

या आठवड्यात विभागाच्या प्रार्थनेच्या वेळी यावर बोलावे. विरोधी मतेही मोकळेपणाने सांगावीत, विशेषतः ज्यांनी मुलीसाठी आधीच कापड घेऊन ठेवले आहे त्यांनी. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे आणि संध्याकाळी दोन तास देता येतील अशा भगिनींनी, आणि काजे-बटणे करायला बसू शकतील अशा आज्यांनीही, आपली नावे पुढच्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत द्यावीत.